उत्तर: सिंहगड, पण कल्याणकडून

पुण्याहून अर्ध्या दिवसात कुठला गड करता येईल, असं विचारलंय आणि वर सगळ्यांनी सिंहगडाची आतकरवाडीची वाट सुचवलीय. बरोबरच आहे, पण रविवारी तिथे पुण्याच्या तुळशीबाग बाजारासारखी गर्दी असते. खेड शिवापूर-कोंढणपूरकडून कल्याण गावात जा आणि तिथून चढा. सात वाजता सुरुवात केली तर जेवायला घरी.

या वाटेनं थेट कल्याण दरवाजात पोहोचता. खरं तर एकामागे एक दोन दरवाजे. तिथे घाई करू नका. बुरुजात हत्ती-माहुताची शिल्पं आहेत आणि शके १६७२ चा, म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या काळातला शिलालेख. मी तीनदा जाऊन चौथ्यांदा तो पाहिला, तोही गाडीभर भाचरं सोबत होती म्हणून!

घोरपडीची गोष्ट मुलांना जरूर सांगा, दंतकथा म्हणूनच. आणि वर कुणीतरी लिहिलंय की तानाजी पडल्यावर गडाचं नाव बदललं. लढाई १६७० ची, पण शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रातही ‘सिंहगड’च आहे.

राजाराम महाराजांची समाधी आणि देवटाकं या गडावरच्या टाक्याचं पाणी चुकवू नका. पिठलं-भाकरी खाल्लीत तर मात्र उतरताना जड जातं.