खोबरेल : पोटात आणि केसांवर
खोबरेल खाल्ल्याने कोलेस्टेरॉल उतरते, असे अनेकदा सांगितले जाते, पण ते मला पटत नाही. या तेलात सुमारे 90 टक्के संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) असतो आणि त्याच्या नियमित सेवनाने एलडीएल, म्हणजे रक्तातले ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढते, म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 साली ते टाळण्याचा सल्ला दिला. बाह्य उपयोगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते आणि प्रथिनांची झीज कमी करते, असे 2003 सालच्या संशोधनात दिसले. कोकणात नारळाचे दूध मंद आचेवर आटवून, चोथा तांबूस होईपर्यंत धीराने ढवळून काढलेल्या सुवासिक तेलाने बाळाची टाळू भरतात. टाळू त्यामुळे लवकर भरून येते असे नाही, परंतु कोरड्या त्वचेला त्याने निश्चितच मऊपणा येतो.