अनुभव धागा : ऐकणारं कोणी नाही, सगळेच वाजवणारे

धागाकर्ती

मैफलींचे, कार्यक्रमांचे अनुभव आपण नेहमीच लिहितो. इथे जरा वेगळ्या बैठकीबद्दल लिहूया. जिथे समोर श्रोते नसतात, जमलेल्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी वाद्य असतं आणि मनसोक्त वाजवून झालं की मंडळी आपापल्या घरी जातात.

आमचा गट दर आठवड्याला जमतो. चार-पाच जेंबे (हातांनी वाजवायचे आफ्रिकी ढोल), एक कहोन (ज्यावर बसून वाजवतात ती लाकडी पेटी), दोन-तीन शेकर (खुळखुळे), एखादा डफ, शिवाय कोणी काय आणेल ते. शिकवणारं कोणी नाही. एकजण साधा ठेका धरतो, बाकीचे हळूहळू त्यात शिरतात. जेंबेवर मुळात तीनच आघात असतात. मधोमध पंजा पडला की घुमारा, काठाजवळ बोटं जुळवून वाजवलं की गोल भरीव टोन आणि बोटं सैल सोडली की कडक स्लॅप. कुठला आघात कसा, हे हाताला पहिल्या बैठकीतच समजतं. ते स्वच्छ निघायला मात्र वर्षं जातात. पण तोवर कोणी बाहेर थांबत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि एक गोष्ट तर एकटीने कितीही रियाज केला तरी मिळत नाही. मी रिकामी सोडलेली मात्रा शेजारचा भरतो, त्याची रिकामी मी. थोड्या वेळाने दोघांपैकी कोणीच न वाजवलेली तिसरीच चाल स्पष्ट ऐकू यायला लागते. ती पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा मी अक्षरशः इकडेतिकडे बघितलं, कोण वाजवतंय म्हणून!

तुमचे अनुभव लिहा. वाद्य कुठलंही चालेल.

दुंदुनवाला

झकास धागा. मी तळाचा ढोल वाजवतो. माली, गिनी या भागातल्या मांदे परंपरेत जेंबेबरोबर दुंदुन असतात, काठीने वाजवायचे. सगळ्यात मोठा दुंदुनबा, मधला सांगबान, धाकटा केंकेनी. आमच्याकडे तिन्ही आहेत. एकेकट्याचं ऐकलंत तर अगदी साधं, तेच ते वाटेल. तिघांचे आघात एकमेकांत गुंफले की मात्र ढोल बोलायला लागतात.

लोक विचारतात, तासभर तेच वाजवून कंटाळा येत नाही का? अजिबात नाही. पहिली काही मिनिटं मी मोजत असतो. मग मोजणं सुटतं, काठी आपसूक पडते आणि कान मोकळे होतात. कोण आज दमलंय, कोणाला काही नवीन सुचलंय, सगळं ऐकू येतं. जेंबेवाला लांबवर भटकून पुन्हा नेमका समेवर येतो, कारण सम मी राखून ठेवलेली असते. त्या क्षणी तो माझ्याकडे बघून मान डोलावतो. याहून मोठी दाद मला नको.

तळहात

+१. जेंबे वाजवताना हात लाल झालेत हे मला थांबल्यावरच कळतं. यावर ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटाचं संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झालं होतं. गाणाऱ्या, नाचणाऱ्या, ढोल वाजवणाऱ्या लोकांची वेदना सोसण्याची क्षमता त्यानंतर वाढलेली दिसली. नुसतं संगीत ऐकणाऱ्यांत तसं दिसलं नाही. शरीरातली एंडॉर्फिन्स (वेदना कमी करणारी रसायनं) यामागे असावीत असा त्यांचा कयास. माझ्या हातांना तो पटतो. (अंगठी घालून वाजवू नका. बोटालाही लागतं आणि कातड्यालाही.)

आईसोबत

मी आईला घेऊन जाते. तिला आता माणसांची नावं आठवत नाहीत, माझंही कधी आठवतं, कधी नाही. पहिल्यांदा नेलं तेव्हा कोणीतरी तिच्या हातात शेकर दिला. बराच वेळ तो मांडीवर तसाच पडून होता. मग तिचा अंगठा हलायला लागला, शेकरच्या कडेवर, बरोबर ठेक्यात. नंतर मनगट. नंतर शेकर उचलला आणि पुढे थांबवेपर्यंत एकही मात्रा चुकली नाही.

घरी तिच्याशी बोलायचं म्हणजे मी विचारायचं आणि तिने आठवण्यासाठी झगडायचं. तिथे विचारायचं काहीच नसतं. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून एकच काम करत असतो आणि ते तिला माझ्याइतकंच येतं. लय वाढली की ती माझ्या गुडघ्यावर चापट मारते. लहानपणी अभ्यासाला बसल्यावर मारायची, अगदी तशीच.

१९९१ साली अमेरिकी सिनेटच्या वृद्धांविषयीच्या समितीपुढे ढोलवादक मिकी हार्ट यांनी वयस्कर लोकांना असं गोलात बसून वाजवायला मिळावं अशी बाजू मांडली होती. ते वाचलं होतं म्हणूनच आईला न्यायचं धाडस केलं.

कहोनवर बसलेला

ताई, तुमच्या आईंची चापट आमच्याही गटाला हवी आहे. एकत्र वाजवताना लय चढतेच. नुसत्या टाळ्या वाजवणाऱ्या गटांवर प्रयोग झाले, त्यांतही हेच दिसलंय. आम्ही दोन उपाय करतो. एक, सगळ्यांनी पावलं टाकत वाजवायचं, पाय हातांइतके घाई करत नाहीत. दोन, तळाच्या ढोलाने कोणाच्याही मागे धावायचं नाही. दुंदुनवाले दादा हे जाणतातच.

गोल लहान ठेवा, हेही सांगावंसं वाटतं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १७ मीटरवरच्या माणसाचा आघात तुमच्या कानावर जवळपास ५० मिलिसेकंद उशिरा येतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्यातले ५० गेले तर दुगुन-चौगुन (दुप्पट-चौपट वेगाचं वाजवणं) विस्कटणारच. लांब रांगेत वाजवताना टोकं फाटतात ती याचमुळे.

२०२० मध्ये घरात अडकलो होतो तेव्हा व्हिडिओ कॉलवर वाजवायला बसलो. इंटरनेटचा उशीर याहूनही जास्त, त्यामुळे शेवटी एकजण वाजवणार आणि बाकीचे माइक बंद करून साथ देणार, असं चालायचं. पडद्यावर सगळ्यांचे हात हलताना दिसायचे, ऐकू यायचा एकच. परत एका खोलीत बसलो तेव्हा पहिल्याच ठेक्याला कहोनचा हादरा पाठीच्या कण्यातून वर चढला आणि डोळ्यांत पाणी आलं.

अनवाणी

मला एका कानाने ऐकूच येत नाही, दुसऱ्याने अगदी थोडं. लाकडी जमिनीची खोली असेल तर चपला काढून बसते. तळाचा ढोल टाचेला कळतो, जेंबेचा घुमारा पोटरीपर्यंत येतो. स्लॅप मात्र पायाला पोचत नाही, त्यासाठी समोरच्याचे हात बघते. गोलात बसण्याचा मला झालेला फायदा हा, सगळ्यांचे हात दिसतात. एव्हलिन ग्लेनी या नामांकित तालवादक बारा वर्षांच्या व्हायच्या आतच जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या. त्याही अनवाणी वाजवतात. गप्पांमध्ये मी नेहमी अर्ध्या वाक्याने मागे असते. वाजवताना नसते.

माउथ ऑर्गन

सुरांची वाद्यं घेऊन येणाऱ्यांसाठी दोन शब्द. एवढ्या ढोलांपुढे माउथ ऑर्गन बुडतो. आमच्यात मी हात वर केला की सगळे आवाज उतरवतात, ठेका चालू ठेवून, नुसत्या बोटांनी वाजवतात. तेवढ्यात मी चार ओळी वाजवून घेतो. इतके हात एकदम हलके होतात, कोणा एकासाठी, तो आदर फार सुखावतो. आणि बंद खोलीत बसत असाल तर कानात प्लग घालाच. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. स्लॅप त्याच्या कितीतरी वर जातो.

नवीन

सगळं वाचून खूप इच्छा झाली आहे. कधीच काही वाजवलेलं नाही. कशापासून सुरुवात करू? शेकर सोपा वाटतो.

धागाकर्ती

अवश्य या! पण शेकर घेऊ नका. दिसतो सोपा, तरी सगळ्या बारीक मात्रा त्यालाच अखंड भराव्या लागतात आणि मनगट भरून येतं. (म्हणूनच वरच्या ताईंच्या आईंचं इतकं कौतुक वाटलं.) तळाचा ढोल मागून घ्या आणि फक्त समेवर एक आघात द्या. बाकी वेळ ऐकत बसा. शेजारी दुंदुनवाल्यांसारखं कोणी असेल तर त्यांच्या काठीकडे बघा. ती वर उचलली की तुम्हीही उचला.