परतवाड्यात पहिलाच हिवाळा आहे, काय काय तयारी करू?

चिपळूणची_सून:
नमस्कार मंडळी, ह्यांची बदली झाली आणि आम्ही चिपळूणहून इकडे विदर्भात परतवाड्याला आलो. पावसाळा निघाला कसातरी पण दिवाळी झाल्यापासून पहाटे जो गारठा सुटतोय तो बघून सासूबाईंनी हात टेकलेत, आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा पाचवरून दोनवर, बस. घरात सासूबाई आहेत (गुडघे दुखतात) आणि दीड वर्षाची लेक. रूम हीटर घ्यावा का? बाथरूमला गॅस गीझर लावावा म्हणतोय, आणि शेजारच्या काकू म्हणतात रात्री खोलीत शेगडी ठेवा, मस्त ऊब राहते. तयार ब्लँकेट पुरतील की रजया करून घेऊ? आणि जो तो बहिरमची यात्रा बहिरमची यात्रा करतोय, ती कधी असते, लहान मूल घेऊन जाण्यासारखी आहे का?

वऱ्हाडी_गडी:
वहिनी, भिऊ नका. इकडची थंडी कोरडी राह्यते, दुपारी स्वेटर काढून ठेवा लागते अन दिवस बुडाला की तोच स्वेटर शोधत फिरा लागते. आभाळ निरभ्र, हवेत ओल नाई, मंग दिवसभर तापलेली जमीन रातच्याले भराभर थंडी होते, त्यात उत्तरेकडची हवा सुटली की झालं. ज्या दिवशी ढग येतीन त्या दिवशी थंडी पळते, पण तूर फुलावर असली की ढग पाहून शेतकऱ्याच्या पोटात गोळा येते, ते अलग. नागपूरले २९ डिसेंबर २०१८ ले पारा ३.५ वर गेला होता. तसं रोज होत नाई, पण डिसेंबर-जानेवारीत दहाच्या खाली गेला तर नवल मानू नका. चिखलदरा तर आपल्या डोक्यावरच आहे, हजार मीटरच्या वर, तिथं जासान तं लेकराचं कानटोपरं विसरू नका.

धूर_नको:
बाकी सगळं राहू द्या, आधी हे वाचा. काकूंना सांगा की कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नाही म्हणजे नाही. कोळसा लाल झाला, धूर थांबला, म्हणून लोकांना वाटते आता काही होत नाही, अन खरा धोका तिथूनच सुरू होतो, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं जड होते, झोप येते, अन झोपेतला माणूस उठतच नाही. दरवर्षी हिवाळ्यात अशा बातम्या येतात तरी लोक ऐकत नाहीत. शेकायचं असेल तर अंगणात शेका.
गॅस गीझरचंही तेच. लावायचाच तर गीझर अन सिलिंडर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, पाइपने फक्त पाणी आत. आधीच आत लावलेला असेल तर बादली भरून घ्या, गीझर बंद करा, दार थोडा वेळ उघडं ठेवा, मग आंघोळ. माझं मत विचाराल तर लहान लेकरू आहे, सरळ विजेचा गीझर घ्या, बिल येईल थोडं जास्त.
हीटर चालेल, पण रात्रभर नाही. झोपायच्या आधी खोली गरम करा अन बंद करा. दोन हजार वॅटचा हीटर साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका, जाड पिनचा मोठा सॉकेट पाहिजे, भाड्याच्या जुन्या घरात वायरिंग एकदा दाखवून घ्या.

कपाशीवाला:
रजईच करा. कापसाच्या मुलखात येऊन तयार ब्लँकेट घेता का बाप्पा! गादीवाल्याकडं जा, पण लवकर जा, डिसेंबर लागला की त्याच्याकडं नंबर लागते अन मंग तो आज देतो उद्या देतो करत राह्यते. जुनी गादी असन तं तिच्यातला कापूस फेकू नका, दबून गुठया झालेला असते, मशीनवर पिंजला की पुन्हा फुगते. फक्त वजन करून द्या अन आपल्या डोळ्यासमोर भरून घ्या, नाईतर चांगली रुई ठेवून चिंध्यांचा कचरा भरून देणारेही आहेत. रजईले दोन-अडीच किलो रुई पुरते, जास्त भरली तर अंगावर पोतं पडल्यासारखी वाटते. टाके जवळजवळ घ्या म्हणा, लांब टाका घेतला की दोन महिन्यात कापूस पायाकडं सरकते अन छातीवर नुसतं कापड. वरून खोळ शिवा, कापसाची रजई धुता येत नाई, उन्हातच टाकायची.

चिपळूणची_सून:
वजनाचं बरं सांगितलंत, आम्हाला कोणी पण बनवलं असतं. गॅस गीझर रद्द, ह्यांना तो मेसेज वाचायला लावला. तळपायाला आत्ताच भेगा पडायला लागल्यात हो.

परतवाडा_माहेर:
भेगांना तुमच्या कोकणातलं मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, आणा की, त्याच्यासारखं दुसरं नाही, आम्ही तिकडून मागवतो. सासूबाईंना सकाळी उन्हात बसवत जा. जवसाची चटणी करा, डिंकाच्या लाडूत गोडंबी (बिब्ब्याच्या बियांचा गर) घाला, बाजारात मिळते.
बहिरम २० डिसेंबरला सुरू होते आणि महिनाभर तरी चालते, बैतूल रोडवर आहे. गाडगेबाबांची पुण्यतिथीही त्याच दिवशी. लेकीला घेऊन जा पण रविवार टाळा, रविवारी हंडीवाल्यांची नुसती रीघ असते. मधल्या वारी सकाळी गेलात तर दर्शनही नीट होते.

वऱ्हाडी_गडी:
हंडी नाई खाल्ली तं बहिरमले गेलेच काऊन? मातीच्या हंडीतलं मटण अन गोवऱ्यावर भाजलेले रोडगे!

परतवाडा_माहेर:
ताई शाकाहारी असतील तर? रोडगे आणि वांग्याची भाजी पण तिथलीच खावी. आणि डिसेंबरात बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा येतील, त्या मीठ टाकून उकडा, नाहीतर सोले-वांगे करा. आंबिया बहाराचा संत्राही आता सुरू आहे, चांदूरबाजारकडचा घ्या.

रातपाळी:
तुमी रजया भरा, आमचा गहू-हरभरा पडला ओलिताले अन पंपाची थ्री फेज लाइन (वीज) या आठवड्यात रातची आहे. रातच्या दोन वाजता पाण्यात उभं राहून दांड फोडा लागते, वरून रानडुकरं. कोणाच्या घरी जुनं पण धड स्वेटर, गमबूट, जाड चादर पडून असन तं सांगा, आमच्याकडं कापूस वेचाले मेळघाटातून मजूर आले, लेकरं घेऊन गोठ्यात झोपतात. शहरात येऊन घेऊन जाईन.

चिपळूणची_सून:
दादा, दोन ब्लँकेट आणि ह्यांचा एक जाड स्वेटर आहे. रविवारी आम्ही गादीवाल्याकडे येतोच आहोत, तिथंच द्यायचं का? लहान मुलांचे कपडे पण चालतील ना, लेकीचे गेल्या वर्षीचे बरेच आहेत.

रातपाळी:
चालतीन नाई, पायजेच. रविवारी दुपारून या, सकाळपर्यंत लाइन असते.