कानाझावातलं छोटं फ्रेंच रेस्टॉरंट : शाकाहारी माणसाचं जमेल का?

मुशाफिर :
नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही दोघं तोक्योहून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, जपानमधल्या कानाझावाला जातोय. लग्नाचा वाढदिवस तिथेच येतोय. हिगाशी चाया या जुन्या चहाघरांच्या वस्तीजवळ नवरा-बायको मिळून चालवतात असं आठ खुर्च्यांचं फ्रेंच रेस्टॉरंट बघून ठेवलंय. मेनू एकच, शेफ देईल तो. मी सगळं खातो, पण बायको मांस-मासे खात नाही, अंडं-दूध चालतं. तिच्यासाठी वेगळं मागितलं तर बरं दिसेल का? तिथे गेल्यावर सांगितलं तर चालेल? जपानी येत नाही.

ओसरी :
तिथे गेल्यावर सांगू नका, ही कळकळीची विनंती! मी कानाझावातच राहते. अशा ठिकाणी सामान त्या दिवशीच्या पाहुण्यांपुरतंच आणलेलं असतं. ऐनवेळी शेफ तरी काय करणार? बुकिंग करतानाच कळवा, आणि नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून थांबू नका. इथे भाजीच्या पदार्थातही माशाचं दाशी, म्हणजे मासे उकळून काढलेलं पाणी, असतं, फ्रेंच सॉसमध्ये कोंबडीचा नाहीतर वासराच्या हाडांचा स्टॉक, आणि गोडात जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन. ही नावं घेऊन 'चालत नाही' म्हणा. लोणी, चीज, क्रीम, अंडं चालतं हेही लिहा, शेफला त्याने केवढा हुरूप येतो! तुम्ही उतरणार त्या हॉटेलच्या रिसेप्शनला रेस्टॉरंटला फोन करायला सांगितलंत तर भाषेची अडचण उरणार नाही. एखादी जागा नाही म्हणेल. तो अपमान समजू नका, मनासारखं करता येणार नसेल तर ते सरळ सांगतात.

तुमचं स्वतःचं मात्र नशीब जोरावर आहे. ६ नोव्हेंबरला इथला खेकड्याचा हंगाम उघडतो. कोबाको म्हणजे लहानशी मादी, ती डिसेंबरअखेरपर्यंतच मिळते. मी खाल्ली ती काचेच्या वाटीत होती : तळाशी फ्लॉवरचं मऊसूत क्रीम, त्यावर पायांतलं सोललेलं मांस, मग केशरी अंडी, आणि वर कवचांच्या कॉन्सोमेची, म्हणजे नितळ सुपाची, थरथरती जेली. चमचा पार तळापर्यंत घालायचा, म्हणजे सगळे थर एकदम तोंडात येतात.

आणि शाकाहारी ताट म्हणजे उरलंसुरलं असतं असं समजू नका. त्याच टेबलावर माझ्या मैत्रिणीला कागा रेन्कोन वाढलं होतं. इथल्या कमळकाकडीत पिष्ट भरपूर, किसली की आपोआप चिकटून येते. लोण्यात परतलेली तिची जाड चकती, कडा खरपूस, आत लुसलुशीत, वर कोंते चीज. मी तिच्या ताटातला घास मागून घेतला!

पोटोबा :
दुपारी जा. त्याच शेफच्या हातचं जेवण रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. टिप ठेवू नका, मात्र काही ठिकाणी बिलात १० टक्के सेवाशुल्क असतं. वेळ कटाक्षाने पाळा, कारण बऱ्याच जागी सगळ्यांना एकदमच वाढायला घेतात. ऐनवेळी रद्द केलंत तर पूर्ण पैसेही भरावे लागू शकतात. आणि उग्र अत्तर लावून जाऊ नका, एवढ्याशा खोलीत शेजारच्याच्या जेवणाचा वास मरतो.

मुशाफिर :
ताई, तुमचं वाचून बायको आत्ताच कमळकाकडीवर अडून बसली आहे. हॉटेलला आजच मेल टाकतो. काउंटर मागू की टेबल?

ओसरी :
काउंटरच मागा. शेफचे हात दिसतात, आणि तिच्या ताटाचं काय चाललंय हे तिला समोरच बघता येईल. रेन्कोन हवं असेल तर तेही मेलमध्ये घाला, नोव्हेंबरात ते मिळतं.