मदत हवी आहे : टेक्सासमधील घटस्फोटाचा दावा आणि एआयने लिहून दिलेले उत्तर

नमस्कार. माझी भाची लेकराला घेऊन दारव्हा तालुक्यातील माहेरी राहते. तिचा नवरा एच-१बी व्हिसावर टेक्सासमध्ये नोकरीला असून, त्याने तिथे घटस्फोटाचा दावा दाखल केल्याची कागदपत्रे तिला ईमेलने आली आहेत. परदेशातील दावे हाताळलेला वकील इकडे मिळेना, तेव्हा गावातील एका होतकरू मुलाने ती कागदपत्रे मोबाइलवरील एआयला देऊन मराठी सारांश काढला. तो इतका सुबोध होता की तिच्या आईलाही प्रकरण नीट समजले. पुढे न्यायालयाला द्यायचे उत्तरही त्याच एआयने लिहून दिले, आणि माझी चिंता त्या उत्तराची आहे.

त्याच्या पहिल्याच परिच्छेदात ‘या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मला मान्य आहे’ असे वाक्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधील नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या निकालाप्रमाणे, पत्नीने तिथले अधिकारक्षेत्र स्वखुशीने स्वीकारले नसेल आणि घटस्फोट आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावरून दिला असेल, तर तो हुकूमनामा येथे सहसा टिकत नाही. या एका वाक्याखाली सही झाली, तर तिचा हा आधारच जाईल अशी भीती वाटते. शिवाय मुदत ३० दिवसांची सांगितली आहे, ती कॅलिफोर्नियाची. टेक्सासमध्ये समन्स बजावल्यावर २० दिवस उलटून येणाऱ्या सोमवारी सकाळी १० वाजेपर्यंत उत्तर द्यावे लागते. घटस्फोटानंतरही छापील तारखेपर्यंत एच-४ व्हिसा चालेल, असेही त्यात आहे. प्रत्यक्षात नवऱ्यावर अवलंबून असलेला तो दर्जा घटस्फोटाबरोबर संपतो. आधाराला दिलेल्या एका निकालाचे पान ओळखीच्या वकीलसाहेबांनी काढून पाहिले, तर तिथे शेतीच्या वाटणीचा वाद निघाला. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली असेच बनावट निकाल सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला होता. त्यामुळे हे उत्तर मी तूर्त थांबवून ठेवले आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे : परदेशातील समन्स बजावण्याविषयीच्या हेग करारानुसार भारतातील बजावणी विधी मंत्रालयामार्फत व्हावी लागते, मग ईमेलने आलेले समन्स रीतसर धरायचे का? अधिकारक्षेत्र अमान्य करूनच हजर होण्याची सोय टेक्सासमध्ये आहे, तसा अर्ज कोणाकडून करून घ्यावा? महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; परदेशी दाव्यातही त्यांनी मदत केल्याचा कोणाला अनुभव आहे का? आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ खाली ती राहते तिथेच अर्ज करायचा झाल्यास, तो टेक्सासच्या मुदतीआधी करणे हिताचे ठरेल का?