वास्को द गामाचा वाटाड्या नक्की कोण?

पानकिडा
द गामाच्या पहिल्या सफरीवरच्या दोन पुस्तकांत मेळ लागत नाही. एकात पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून हिंदुस्थानची वाट दाखवणारा अरब दर्यावर्दी इब्न माजिद, दुसऱ्यात कुणी गुजराती. शिवाय जाताना २३ दिवस, परतताना जवळपास तीन महिने. यावर दोन्हींत नुसतं 'वारा प्रतिकूल' एवढंच. खरं काय धरायचं?

नांगर
इब्न माजिद सोडून द्या. ते नाव सत्तरेक वर्षांनी मक्केत लिहिलेल्या अरबी इतिहासात येतं, तेही त्याला दारू पाजून वाट काढून घेतली अशा मसाल्यासकट. पोर्तुगीज बखरकारांपैकी बारुश 'मालेमो काना' लिहितो, गुजरातचा मूर, म्हणजे मुसलमान, म्हणतो. कास्तान्येदा 'कानाका' लिहितो. हे नाव नव्हे, हुद्दा आहे. मालेमो म्हणजे मुअल्लिम, जहाजाला दिशा देणारा. काना म्हणजे बहुधा आपला 'गणक'. पुस्तकात या माणसाला वय, चेहरा आणि स्वभावही असेल, तर तिथून कादंबरी सुरू झाली असं समजा.

खारा वारा
परतीचं कोडं तारखांतच सुटतं. २४ एप्रिल १४९८ला मालिंदी सोडलं, २३ दिवस जमीन दिसली नाही, मग २० मेला कालिकतजवळ नांगर टाकला. तारखा ज्युलियन आहेत, आजच्या पंचांगासाठी ९ दिवस मिळवा: २९ मे. म्हणजे नैऋत्य वारा पाठीशी आणि पाऊस तोंडावर. परतताना मात्र ५ ऑक्टोबरला (आजचा १४) कारवारजवळचं अंजदीव सोडलं. नैऋत्य वारा संपलेला, ईशान्य अजून बसलेला नाही. मधल्या काळात निव्वळ पडेल हवा. २ जानेवारीला आफ्रिकेतल्या मोगादिशूचा किनारा दिसेपर्यंत स्कर्व्हीने (ताज्या फळभाज्यांअभावी होणारा रोग) ३० माणसं गेली. उरलेल्यांत तीन जहाजं हाकायला हात पुरेनात, म्हणून 'साव राफाएल' जाळलं. महिनाभर थांबले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं. घाई कालिकतच्या राजाशी बिनसल्यामुळे झाली, ते प्रकरण पुस्तकात नीट आलंय का पाहा.

पानकिडा
९ दिवसांचं लक्षातच आलं नव्हतं! मग पुस्तक पारखायचं कसं?

नांगर
सफरीवरच्या माणसाची रोजनिशी एकच उरली आहे आणि ती एप्रिल १४९९मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याशीच तुटते. पुढचं सगळं, द गामाचा भाऊ पाउलू याचं अझोरस बेटांवरचं मरणसुद्धा, इतरांच्या लिखाणातून येतं. लेखक हा सांधा दाखवतो का, ते बघा. दुसरी खूण कालिकतच्या देवळाची. रोजनिशीकार त्याला बिनदिक्कत चर्च म्हणतो, भिंतींवरच्या 'संतांना' चार-पाच हात होते हेही तोच लिहितो. लेखकाने हा घोळ उलगडला नसेल, तर त्याच्या बाकीच्या वर्णनांवरही जपूनच विसंबा.