घराच्या इन्व्हर्टरवर मासे ठेवू नका

गोदाकाठचा

माशांची सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी. काठोकाठ भरली तर ६८० लिटर, प्रत्यक्षात ६०० धरा. गंगापूर रोडला, हॉलमध्ये. इन्व्हर्टर होता, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी होती, तरी मे महिन्यात पाच टिनफॉइल बार्ब मासे गेले. म्हणून हा धागा.

आम्ही दोघं लग्नाला सिन्नरला. घरी आई आणि मुलं. रात्री साडेआठला वळवाचा पाऊस आला आणि गल्लीतला गुलमोहर तारांवर आडवा झाला. इन्व्हर्टरवर दोन पंखे, टीव्ही, वायफाय, दिवे आणि त्यातच टाकीचा फिल्टर नि एअर पंप. साडेतीनशे वॅट कुठे गेले नाहीत. बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची, पण चार वर्षांची जुनी. एक वाजता टीं टीं करून सगळं बंद. आईचा फोन, "अरे, मासे वर येऊन तोंडं मारतायत, काय करू?" म्हटलं, तांब्या घे आणि टाकीतलंच पाणी उंचावरून ओतत राहा. माउली चारपर्यंत ओतत होती. नातू स्टुलावर उभा राहून मोबाईलचा टॉर्च धरून. मग तिचा हात उचलेना.

साडेसातला लाइट आली, कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा) आपोआप सुरू झाला आणि त्याच्या नळीतून गटारासारख्या वासाचं काळपट पाणी थेट टाकीत. आम्ही नऊला पोचलो तेव्हा पाचही आडवे.

माझं म्हणणं एवढंच: माशांची वीज वेगळी हवी. छोटी असू दे, पण घरातल्या कोणाचा हात लागणार नाही अशी. पाच-दहा वॅटचा बॅटरीवरचा एअर पंप मोठ्या इन्व्हर्टरपेक्षा भरवशाचा. फिल्टर, दिवे, हीटर रात्रभर बंद राहिले तरी चालतं. हवा थांबली की संपलं.

सिडकोकर

असहमत. अंबडला माझं इन्व्हर्टर-यूपीएस दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, त्यामुळे थोडं लागलंच. दोष इन्व्हर्टरचा नाही, टीव्हीचा आहे. टाकीचा लोड किती? फिल्टर ३५, पंप १०, म्हणजे ४५ वॅट. इन्व्हर्टरचा स्वतःचा खाऊ धरून ६५ म्हणा. बॅटरी निम्मीच वापरली तरी ९०० वॅट-तास, म्हणजे तेरा-चौदा तास. तुमची लाइट अकराच तास गेली होती. इन्व्हर्टरच्या लाइनवरून टीव्हीचा पॉइंट काढा, विषय संपला.

दुसरं, इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइटसारखी वीज देणारा आहे का? स्क्वेअर वेव्हवर फिल्टरची मोटर घूं घूं करते आणि तापते. आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर शेवटचं कधी घातलं होतंत? खरं सांगा.

गोदाकाठचा

साइन वेव्ह आहे. पाण्याचं... दिवाळीत. मान्य.

पण तुमचा हिशेब घरात माणसं नाहीत असं धरून केलाय. टीव्हीचा पॉइंट काढला तर एक्स्टेन्शन बोर्ड येईल. त्यावर मोबाईल येतील, मग शेजारच्यांचे मोबाईल येतील. मे महिन्यात पंखा बंद ठेवून मासे जगवा, हे मी आईला कोणत्या तोंडाने सांगू?

म्हसरूळकर

एवढा खटाटोप कशाला? मी छतावर ३ किलोवॅट सोलर बसवलंय. सूर्यघर योजनेत ७८ हजारांचं अनुदान मिळालं, बिल जवळपास शून्य. लाइट गेली काय, राहिली काय.

सिडकोकर

म्हसरूळकर, एकदा भर दुपारी मेन स्विच पाडून बघा. बॅटरी नसलेलं, बाहेरच्या लाइनला जोडलेलं ऑन-ग्रिड सोलर लाइट गेल्यावर स्वतःच बंद होतं. तुमच्या छतावरची वीज बाहेरच्या तारेत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. ऊन कडक असेल आणि तुमचे मासे तोंडं मारत असतील.

म्हसरूळकर

बघितलं. बंद पडलं. हे बसवताना कोणी बोललं नव्हतं.

शेवाळताई

तुम्ही दोघंही वॅटच मोजताय. मासे किती होते ते कोणी विचारलंच नाही.

गोदाकाठचा

पाच टिनफॉइल, दोन ऑस्कर, आठ सिल्व्हर डॉलर, एक सकर.

शेवाळताई

टिनफॉइल वाढून फूटभराचा होतो, दादा. एवढी भरलेली टाकी चोवीस तास यंत्रावरच जगते, यंत्र थांबलं की तिच्याकडे शिल्लक काहीच नसते. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना साडेसात. हे समुद्रसपाटीचे आकडे. नाशिक साधारण ६०० मीटर उंचावर, म्हणजे आपल्याकडे त्याहून कमी. मे महिन्यातली रात्र, तापलेलं पाणी आणि सतत पोहणारे टिनफॉइल. ते आधी जाणारच होते. ऑस्कर कमी ऑक्सिजनमध्ये तग धरतो. सकर तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून ऑक्सिजन घेतो. म्हणून तो वाचला, तुमच्या तांब्यामुळे नाही. (आईंना हे वाचून दाखवू नका.)

आणि सकाळचा घात कॅनिस्टरने केला. बंद डब्यात पाणी फिरायचं थांबलं की आतले पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात, मग मरतात, सडतात. लाइट आल्यावर तेच टाकीत. लाइट गेली की पहिलं काम कॅनिस्टरची पिन काढायची. नंतर डबा उघडून स्पंज बादलीत, टाकीतल्याच पाण्यात धुवायचे आणि मगच सुरू करायचं. नळाखाली धरलेत तर क्लोरीनने उरलेले जिवाणूही जातील.

माझ्या चार फुटी टाकीत मोजके मासे आणि दोन स्पंज फिल्टर आहेत. गेल्या वर्षी रात्रभर लाइट नव्हती, मी झोपले होते.

सिडकोकर

ताई, हा तर माझाच मुद्दा झाला. कॅनिस्टर थांबल्यामुळे घात होतो, तर तो थांबू द्यायचाच कशाला? धागाकर्ते म्हणतात फिल्टर बंद राहिला तरी चालेल. नाही चालत, हे तुम्हीच सिद्ध केलंत.

शेवाळताई

चालतो, पिन काढणारं कोणी घरात असेल तर. आणि तुमचा इन्व्हर्टर चालतो, टीव्ही बंद करणारं कोणी असेल तर. दोन्हीकडे माणूस लागतोच.

नाशिकरोडचा

आमच्या चाळीत एकाने भाड्याचा जनरेटर बाल्कनीत लावला होता. धूर घरात. दार-खिडक्यांजवळ हा प्रकार करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अवांतर: एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात, तरी आम्ही अंधारात.

सिडकोकर

अवांतराला उत्तर: तिथली वीज आधी ग्रिडला जाते. प्रश्न तुमच्या गल्लीतल्या फांदीचा आहे.

गोदाकाठचा

शेवाळताई, कॅनिस्टरचं पटलं. त्याचा प्लग इन्व्हर्टरवरून काढून साध्या लाइनवर घेतलाय, म्हणजे लाइट जाताच तो थांबेल. आणि पिनवर कागद चिकटवलाय: "लाइट गेली की ही काढा". मासे कमी करण्याबद्दल मात्र नंतर बोलू. टिनफॉइल गेल्यावर टाकी तशीही रिकामी वाटते.

रविवारी चाचणी घेतली. सकाळी दहाला मेन स्विच पाडला, मुलांना आधीच सांगून. यूएसबीचा एअर पंप पॉवर बँकेला लावला. १०,००० एमएएचची आहे, वीसेक तास सहज जाईल असा माझा हिशेब. अर्ध्या मिनिटात बंद. परत लावला, परत बंद. पंप इतकी कमी वीज घेतो की पॉवर बँकेला वाटतं मोबाईल चार्ज झाला, आणि ती झोपी जाते. शिवाय पंप खाली स्टुलावर ठेवलेला, नळीत वन-वे व्हॉल्व्ह नाही. हवा थांबल्याबरोबर टाकीतलं पाणी उलटं नळीतून पंपात आणि तिथून फरशीवर.

आई फडकं घेऊन आली, काही बोलली नाही. तांब्या मात्र टाकीच्या शेजारी आणून ठेवला.

सिडकोकर, ते सात एएचच्या सीलबंद बॅटरीवर चालणारे, लाइट गेली की आपोआप सुरू होणारे पंप तुमच्याकडे आहेत का? शनिवारी येतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणीही तुम्हीच बघा.

सिडकोकर

या. टीव्हीचा पॉइंट काढायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन मीच येऊ का तुमच्याकडे?